प्लेगने दिलेलं परस

ऑगस्ट 1898 मध्ये हुबळीकडच्या आगगाडीबरोबर प्लेग बंगळूरात आला. मुंबईत तो 1896 सालीच पोचला होता. पुण्यात 1897 मध्ये प्लेगच्या बंदोबस्तावरून इंग्रज अधिकारी रँडचा खून झाला, ती कहाणी मराठी घरांत आजही सांगितली जाते. बंगळूरची कहाणी मात्र वेगळ्या वळणाने गेली. जुन्या पेठेत घराला घर चिकटलेलं, बोळ अरुंद, उजेड कमी. साथ पसरली तशी माणसं पेठ सोडून बाहेर पडू लागली. उत्तरेला मल्लेश्वरम आणि दक्षिणेला बसवनगुडी अशा दोन नव्या वसाहतींचं आखणीचं काम साथीआधीच सुरू झालं होतं. प्लेगने त्या भराभर वसवल्या. घर चारी बाजूंनी मोकळं असावं, आत वारा आणि ऊन खेळावं, हा तिथला दंडक होता. घराभोवती सुटलेल्या त्या जागेत पुढच्या पन्नास-साठ वर्षांत बागा उभ्या राहिल्या आणि त्यांत शिंजीर, बुलबुल, खारी, फुलपाखरं, वटवाघळं, एवढंच काय धामणीही नांदू लागल्या. या जिवांसाठी बाग करावी असं तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. तरीही ते आले. का आले, हे पाहिलं तर आज घराजवळ पाखरं यावीत म्हणून धडपडणाऱ्या माणसाच्या हाती पुष्कळ काही लागतं.

बसवनगुडीला नाव मिळालं ते तिथल्या जुन्या देवळावरून. ‘बसव’ म्हणजे नंदी आणि ‘गुडी’ म्हणजे देऊळ. सुंकेनहळ्ळी नावाच्या खेड्याजवळच्या टेकाडावर एकसंध दगडात कोरलेला प्रचंड नंदी आहे आणि त्याचं देऊळ बंगळूर वसवणाऱ्या पहिल्या केंपेगौडाने बांधलं असं परंपरा सांगते. दंतकथा अशी : एक बैल रोज रात्री येऊन शेतकऱ्यांचा भुईमूग फस्त करायचा. संतापलेल्या एका शेतकऱ्याने त्याला सोट्याने मारलं, तसा बैल जागीच दगड झाला. पस्तावलेल्या गावाने त्याचं देऊळ बांधलं आणि दरवर्षी पहिल्या शेंगा त्याच्यापुढे ठेवायचं ठरवलं. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भरणारी ‘कडलेकायी परिषे’, म्हणजे शेंगांची जत्रा, त्यातूनच आली. अजूनही त्या दिवसांत बुल टेम्पल रोड दोन्ही बाजूंनी शेंगांच्या ढिगांनी भरून जातो. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांच्या काळात इकडे आलेला; तेव्हा कथेतला हा तपशील नंतर कधीतरी जुळला असावा. पण तिच्या गाभ्यातली गोष्ट महत्त्वाची आहे. शेतात शिरलेल्या जनावराला मारलं याचं गावाला वाईट वाटलं आणि पिकातला त्याचा वाटा कायमचा ठरवून दिला गेला.

मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. 1638 मध्ये रणदुल्लाखानाच्या आदिलशाही फौजेने बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांच्या इथल्या दरबाराचं वर्णन जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे, वि. का. राजवाड्यांनी तो ग्रंथ संपादून छापला. पुढे 1669 मध्ये त्यांचे पुत्र एकोजीराजे यांनी मल्लेश्वरमच्या शिवालयाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. त्या देवाचं नाव काडु मल्लेश्वर, म्हणजे रानातला मल्लेश्वर. आज ज्याला आपण बंगळूरचा मध्यभाग म्हणतो, तिथे सतराव्या शतकात देवळाला रानाची ओळख पुरेशी होती. दक्षिणेकडे बसवनगुडीच्या बाजूला दाट रान नव्हतं. खडक, माळ, तळी आणि कोरडवाहू शेतं होती. केंपांबुधी तळं अजून आहे. नंदीच्या देवळाजवळचं कारंजी तळं बुजलं आणि कारंजी आंजनेयाच्या देवळाच्या नावात तेवढं उरलं. वृषभावती नदी नंदीच्या पायाशी उगम पावते असं लोक मानतात.

साथीच्या काळात म्हैसूर संस्थानाचे प्लेग कमिशनर होते व्ही. पी. माधवराव. कुंभकोणमच्या मराठी देशस्थ घरातला हा माणूस पुढे त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचा दिवाण झाला. मुंबईनेही प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि त्यातून दादर-माटुंग्याच्या वसाहती आल्या, पण मुंबईत जमीन महाग असल्याने तिथे माड्या चढल्या आणि बाग सामायिक राहिली. बसवनगुडीत बैठी घरं आली. पुढे व्हरांडा आणि फुलझाडं, मागे विहीर, न्हाणीघर, धुण्याचा दगड आणि परस. परसाच्या मागच्या भिंतीपलीकडे अरुंद गल्ली होती. शौचकूप साफ करणाऱ्या कामगारांनी त्या मागल्या वाटेने यायचं आणि मैला डोक्यावरून वाहून न्यायचा, असा तो बंदोबस्त होता. वसाहतीतले भूखंडही जातवार वाटले गेले. इतिहासकार जानकी नायर यांनी बंगळूरवरच्या पुस्तकात हे नोंदवलं आहे. ही मोकळी हवा सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. बागांचं कौतुक करताना ते सांगायलाच हवं, कारण त्या बागा ज्यांच्या श्रमांवर उभ्या राहिल्या त्या माणसांना अंगण नव्हतं.

बाग म्हटली की पाणी आलं. अर्कावती नदीवरच्या हेसरघट्ट तलावाचं पाणी 1896 मध्ये नळाने शहरात आलं. परसातली विहीर त्यानंतरही बरीच वर्षं टिकली. न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी पाटाने केळीला, अळूला, कर्दळीला जायचं. कोकणातल्या किंवा सातारकडच्या कोणत्याही जुन्या घरात हीच रीत होती, त्यामुळे मराठी माणसाला त्याचं नवल वाटणार नाही. पण बारमाही ओल असलेला असा एक कोपरा म्हणजे बेडकांचं घर. अळूच्या पानाखाली दिवसा बेडूक बसायचे, रात्री डास-किडे खायचे, आणि त्यांच्यामागे कधी दिवड, कधी धामण यायची. सांडपाणी पाइपातून गटारात गेलं, तेव्हा घर स्वच्छ झालं आणि हा ओला कोपरा वाळला.

बसवनगुडीचं भाग्य असं की लालबाग तिच्या अगदी शेजारी आहे. हैदरअलीने 1760 मध्ये चाळीस एकरांवर सुरू केलेली ही बाग आज 240 एकर आहे. तिच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबले ते तिगळ समाजाचे माळी. बंगळूरचा करग उत्सव याच समाजाचा. 1874 पासून तीसेक वर्षं जॉन कॅमेरॉन लालबागेचे प्रमुख होते. परदेशी झाडं आणून इथे रुजवायची त्यांना हौस होती. आज मराठी मंडईत मिळणारी चौचौ ही वेलभाजी बंगळूरात त्यांनीच आणली. कन्नडमध्ये तिला ‘सीमे बदनेकायी’, म्हणजे विलायती वांगं, म्हणतात. हा वेल परसातल्या भिंतीवर चढला की वर्षभर फुलतो आणि बारीक मधमाश्या त्याच्या फुलांवर दिवसभर असतात.

कॅमेरॉननंतर आले गुस्ताव हर्मान क्रुंबिगेल. ड्रेस्डेनजवळच्या लोमेन गावचा हा जर्मन माणूस लंडनच्या क्यू बागेतून 1893 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बोलावण्यावरून बडोद्याला आला. पंधरा वर्षं त्याने मराठी दरबाराची चाकरी केली आणि 1908 मध्ये म्हैसूर संस्थानाने त्याला बंगळूरात आणलं. रस्त्यांवर अशी झाडं लावायची की एकाचा बहर ओसरला की दुसरं फुलावं आणि शहर वर्षभर फुललेलं राहावं, ही त्याची कल्पना. जॅकरांडा, गुलमोहर, सोनमोहोर, बूच आणि पर्जन्यवृक्ष यांनी बंगळूरचे रस्ते भरले. 1912 मध्ये म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटी स्थापन झाली आणि हौशी बागवानांना आपली फुलं, फळं, भाज्या मिरवायला जागा मिळाली. फुलांची प्रदर्शनं, घरबागांच्या स्पर्धा, लालबागेच्या रोपवाटिकेतून स्वस्तात मिळणारी रोपं यांमुळे घरातल्या गृहिणी आणि निवृत्त कारकून यांच्यात बागकामाची चढाओढच लागली. क्रुंबिगेल 1932 मध्ये निवृत्त झाले आणि 1956 मध्ये बंगळूरातच वारले.

क्रुंबिगेलच्या झाडांचं कौतुक योग्यच आहे, पण घरबागेतल्या जिवांच्या हिशेबात त्यांचा वाटा मर्यादित आहे. जॅकरांडाचा फुलोरा डोळ्यांना सुखावतो. त्याचं पान खाणाऱ्या अळ्या मात्र इथे फारशा नाहीत, कारण झाड दक्षिण अमेरिकेतून आलं आणि त्याच्यावर वाढणारे किडे तिकडेच राहिले. फुलपाखरू हवं असेल तर त्याच्या अळीला पान हवं. अळी मिळाली नाही तर बुलबुल आणि शिंपी आपल्या पिलांना काय भरवणार? मोठी पाखरं फळांवर जगतात, मधावर जगतात, पण त्यांची पिलं बहुधा किड्यांवरच वाढतात.

हे पान बसवनगुडीत आलं ते देवपूजेमुळे.

तिथल्या कुठल्याही जुन्या परसात काय लावलेलं असायचं? गणपतीला जास्वंद, शंकराला बेल, देवीला तांबडी कण्हेर, मारुतीला रुई, रोजच्या परडीत तगर आणि पारिजातक, बायकांच्या वेणीत मोगरा आणि सोनचाफा, अंगणात तुळस. लावणाऱ्याच्या मनात फक्त सकाळची पूजा होती. पण यातलं जवळजवळ प्रत्येक झाड कुणाचं ना कुणाचं पाळणाघर आहे. बेलावर लिंबाच्या फुलपाखराची अळी वाढते. सोनचाफ्यावर ‘टेल्ड जे’ अंडी घालतं. हिरवे ठिपके असलेलं, एका फुलावर क्षणभरही न थांबणारं हे फुलपाखरू ज्या अंगणात वारंवार येतं, तिथे जवळपास चाफा, सीताफळ किंवा खोटा अशोक असणारच. रुईवर ‘प्लेन टायगर’ वाढतं. तुळशीच्या मंजिऱ्यांवर निळ्या पट्ट्यांची एक गुबगुबीत मधमाशी येते. ती पोळं करत नाही. मातीत किंवा जुन्या भिंतीतल्या मऊ दर्जांत एकटीच बीळ करते. वांग्या-टोमॅटोचं फूल धरून अंग थरथरवते, तेव्हा त्यातले परागकण बाहेर पडतात. मातीच्या दर्जांची भिंत आणि तिच्यापुढे तुळशीवृंदावन, हे जुन्या घरातलं रोजचं दृश्य तिच्यासाठी घर आणि अन्न दोन्ही होतं.

कण्हेरीपाशी जरा थांबून पाहण्यासारखं आहे. हिच्या पानांत विष असतं, म्हणून गुरं तिला तोंड लावत नाहीत. ‘कॉमन क्रो’ नावाचं तपकिरी-काळं फुलपाखरू नेमकं तिच्यावर अंडी घालतं. अळी केशरी झाक असलेली, पट्ट्यापट्ट्यांची, अंगावर लांब काळ्या शिंगांच्या चार जोड्या. ती ते विषारी पान खाऊन वाढते आणि विष अंगात साठवते, त्यामुळे पाखरं तिच्या वाटेला जात नाहीत. मग ती पानाखाली उलटी लटकते आणि तिचा कोष होतो. तो चक्क चांदीसोन्याच्या घडीव मण्यासारखा चमकतो. रोज सकाळी फुलं खुडणाऱ्या आजीबाईंना हा दागिना नक्कीच दिसत असणार. त्याच कण्हेरीवर आणि शेजारच्या तगरीवर एक जाडजूड हिरवी अळी असते. डिवचली की ती मान आक्रसते आणि डोक्यामागचे दोन निळे डोळे एकदम मोठे दिसतात. ते खरे डोळे नव्हेत, नुसते ठिपके. पण चिमणीएवढ्या पाखराची खोड मोडायला तेवढे पुरतात. तिचा मोठा, हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग होतो आणि तो संध्याकाळनंतर पांढऱ्या, वासाच्या फुलांभोवती पंख न थांबवता घिरट्या घालतो.

स्वयंपाकघराने दिलेलं पान म्हणजे कढीपत्ता. बसवनगुडीत तो नाही असं जुनं घर सापडणं कठीण, कारण इथे रसम-सांबाराची फोडणी त्याच्याशिवाय होत नाही. त्याच्यावर ‘कॉमन मॉर्मन’ची अळी वाढते. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. बोट लावलं तर डोक्यामागून तांबडी, दुभंगलेली जीभ बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एका अळीला दोन-चार डहाळ्या पुरतात. फोडणीला सात-आठ पानं लागतात. झाड दोघांनाही पुरून उरतं. त्याची काळी फळं बुलबुल आणि कोकीळ खातात आणि बिया शेजारच्या कुंपणात टाकतात, म्हणून या भागात कढीपत्त्याची रोपं न लावताही उगवतात.

वर फळझाडं. आंबा, फणस, पेरू, नारळ आणि कडेला करंज. उन्हाळ्याच्या तोंडाशी करंजाची जांभळट-पांढरी फुलं रस्त्यावर सडा घालतात आणि झाडाखाली मधमाश्यांचा गुंजारव ऐकू येतो. शेंड्यावरचे आंबे माणसाच्या हाती येत नसत, ते खारी, कुटुर्गे आणि वटवाघळं यांचे. पाडावर काठी पोचेल तेवढंच घरच्यांचं, वरचं त्यांचं, ही वाटणी कुणी ठरवली नव्हती. झाड उंच होतं म्हणून ती झाली.

व्हरांड्यातला पाहुणा म्हणजे शिंजीर. जांभळ्या पाठीच्या शिंजिराची मादी कोळ्याची जाळी गोळा करते आणि तिच्या धाग्यांनी गवत, काटक्या, सालपटं, अळ्यांची विष्ठा एकत्र बांधून एक लांबुडकी थैली लोंबकळत ठेवते. दाराच्या वर छपरासारखी एक पुढे आलेली पट्टी असते, आत छोटी अंडी. लांबून ते घरटं कचऱ्याचा झुबका वाटावं. जास्वंदीच्या डहाळीला, दिव्याच्या तारेला, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर तो झुबका लटकलेला असतो, कारण माणसाची वर्दळ असली की मांजर आणि कावळा जरा दूर राहतात. व्हरांड्यातली जळमटं झाडू दिली नाहीत तरच तिला बांधकामाला दोर मिळतो. 

सगळेच पाहुणे आवडते नव्हते. बंगळूरच्या जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांची उतरती टोपी असते, तिला ‘मंकी टॉप’ म्हणतात. माकडं आत शिरू नयेत म्हणून ती बसवली, असं सांगितलं जातं. माकडं पेरू उपटून नेत, पापड-सांडग्यांची ताटं उलटी करत. धामण दिसली की ओरडाआरडा होई. तरी घराबाहेरच्या जनावराची बाहेरच सोय होती: मोकळं परस, मागली गल्ली, पलीकडचा खडक. आज अपार्टमेंटच्या जिन्यात धामण सापडते, तेव्हा तिला जायला दुसरी वाटच उरलेली नसते.

खडक म्हणजे ब्युगल रॉक. नंदीच्या देवळाला लागून असलेला हा जवळजवळ तीनशे कोटी वर्षं जुना दगड आहे. या जातीच्या खडकाला ‘पेनिन्शुलर नाइस’ हे नाव म्हैसूरच्या भूविज्ञान खात्यातल्या डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनी 1916 मध्ये दिलं. त्यावर केंपेगौडांच्या काळातला टेहळणीचा बुरूज आहे. भोवतालच्या बागेतल्या उंच झाडांवर वटवाघळं दिवसभर लटकलेली असतात. अशा खडकांवर राहणारा सरडा दक्षिण भारतातच आढळतो; विणीच्या दिवसांत नराची पाठ तांबडी-नारिंगी आणि बाजू काळ्या होतात. भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि अनुराधा बटबयाल यांनी बंगळूर परिसरात याचा अभ्यास केला, तेव्हा शहरातल्या नरांचे रंग रानातल्या नरांपेक्षा फिके पडलेले आढळले. जवळच रामकृष्ण आश्रम आहे. 1906 मध्ये त्याची पायाभरणी झाली, 1911 मध्ये शारदादेवी तिथे राहून गेल्या आणि ज्या खडकावर त्या ध्यानाला बसल्या तो अजून झाडीत आहे. कृष्णराव पार्क, गांधी बाजाराच्या कडेची झाडं, टाटांनी रेशमासाठी तुतीची लागवड केली तो दक्षिणेकडचा ‘टाटा सिल्क फार्म’, आणि लालबाग. या सगळ्यांच्या मध्ये होती ती परसं. लालबागेतून निघालेला हळद्या किंवा तांबट घराघरांच्या शेंड्यांवरून ब्युगल रॉकपर्यंत जमिनीवर न उतरता जाऊ शकायचा. एकेका परसाचा आकार लहान असला तरी त्यांची किंमत या सलगतेमुळे होती. उत्तरेकडे मल्लेश्वरम आणि विज्ञान संस्थेच्या परिसरात सडपातळ लोरिस राहतात. हा निशाचर प्राणी उडी मारत नाही, फांदीवरून फांदीवर चालतो. 2014 मध्ये काबेरी कर गुप्ता यांनी नागरिकांना बरोबर घेऊन त्याची मोजदाद सुरू केली. लोरिसची मुख्य अडचण साधी आहे : एक झाड तोडलं की त्याचा रस्ता तुटतो.

परसं जाऊ लागली ती साधारण 1970 नंतर. वडिलोपार्जित घराचे वारसदार तीन-चार, जमिनीचा भाव आकाशाला भिडलेला; वाटणीत बाग कुणाच्याच वाट्याला येत नाही. घर पाडून मजले चढले, परसाच्या जागी गाड्या आल्या, उरलेल्या पट्टीवर फरशी. कर्नाटकाने 1976 मध्ये झाड वाचवण्याचा कायदा केला आणि परवानगीशिवाय झाड तोडायला बंदी आली, पण कढीपत्ता, तगर, कण्हेर अशी झुडपं कुठल्या कायद्याच्या मोजमापात बसतात? वनखात्यातले एस. जी. नेगिनहाळ यांनी 1980 च्या दशकात शहरभर पंधरा लाखांच्या आसपास झाडं लावली. आज रस्त्यांवर जी सावली दिसते तिच्यात त्यांचा मोठा हात आहे. तिकडे रस्ते सावरले, इकडे परसं आटत गेली. 2009 मध्ये मेट्रोसाठी जवळच्या लक्ष्मणराव पार्कमधली झाडं तोडली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. घरांमागची झाडं मात्र एकेक करून, कुणाला न कळता गेली.

त्यातल्या त्यात दिलासा देणारं काम बंगळूरातच झालं आहे. परिसर-अभ्यासक हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या घरबागांची नीट पाहणी केली. पन्नास बागांत सापळे लावून केलेल्या एका अभ्यासात त्यांना दहा गणांतले कीटक मिळाले. मुंग्या, ढेकूणवर्गीय किडे, भुंगेरे आणि माश्या त्यांत सगळ्यांत जास्त. हे छोट्या शहरी बागांतलं चित्र आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात जेनिफर ओवेन यांनी आपल्या एका साध्या उपनगरी बागेत 1972 पासून तीस वर्षं नोंदी ठेवल्या आणि 2,673 जातींचे वनस्पती-प्राणी मोजले. त्या बागेत भाजी होती, फुलं होती, गवत होतं, अभयारण्य नव्हतं. बसवनगुडीत तीस वर्षं अशी नोंद कुणी ठेवली असती तर काय निघालं असतं, याची उत्सुकता वाटते. पक्ष्यांच्या बाबतीत तेवढी सोय झाली. 1972 मध्ये जोसेफ जॉर्ज यांच्या पुढाकाराने बंगळूरात पक्षी निरीक्षकांचा क्लब उभा राहिला आणि लालबागेतल्या पाखरांच्या नोंदी पिढ्यांमागून पिढ्या चालू राहिल्या.

आता बाग गच्चीवर गेली आहे. डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी 1990 च्या दशकात बंगळूरात गच्चीवरच्या सेंद्रिय शेतीचे वर्ग सुरू केले आणि त्यातून शेकडो कुटुंबं कुंड्या-पिंपांत भाजी पिकवू लागली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’मधून मराठी माणसाला गच्चीत, पालापाचोळ्यावर भाजी पिकवायला शिकवलं होतं, त्याच जातीचं हे काम. बंगळूरच्या गच्ची-बागवानांचा ‘ऊटा फ्रॉम युअर तोटा’ (‘तुमच्या बागेतलं जेवण’) हा मेळावा वर्षात अनेकदा भरतो. तिथे बियाणं, गांडूळखत, कडुनिंबाची पेंड यांची देवाणघेवाण चालते. रासायनिक फवारा टाळायचा, हे पहिलं पथ्य. तेवढं पाळलं तरी तिसऱ्या मजल्यावर सातेरी मधमाशी येते.

परसातलं जे गच्चीवर नेता येतं ते नेण्यासारखं आहे, आणि ते फार नाही. मोठ्या कुंडीत किंवा पिंपात कढीपत्ता चांगला येतो. त्यावरच्या अळीला चिमट्याने उचलून फेकू नये, तिला एक फांदी द्यावी. कण्हेर आणि तगर कुंडीत फुलतात. जास्वंद तर अशी बहरते की शिंजीर रोज येतो. तुळशीच्या मंजिऱ्या तोडून न टाकता चार-सहा दिवस तशाच ठेवल्या की निळ्या पट्ट्यांची माशी दिसू लागते. उथळ परळात पाणी आणि त्यात एखादा दगड ठेवला तर मधमाश्या बुडत नाहीत. पडलेलं पान रोज झाडून टाकण्याऐवजी कुंडीच्या मातीवर पसरलं की ओलही टिकते आणि त्याखाली भुंगेरे, गोगलगायी, पैसाकिडे राहतात. त्यांच्या शोधात दयाळ येतो. उंदरांसाठी विष ठेवायचं टाळावं, कारण विष खाऊन लडखडणारा उंदीर गव्हाणी घुबडाच्या पोटात जातो. जुन्या देवळांच्या आणि शाळांच्या पोटमाळ्यावर राहणारी ही घुबडं उंदरांवरच जगतात.

सध्या बसवनगुडीतल्या जुन्या घरांपैकी जी उभी आहेत, त्यांतल्या अनेक घरांत राहणारी माणसं सत्तरी ओलांडलेली आहेत आणि त्यांच्या मुलांची घरं अमेरिकेत किंवा व्हाइटफील्डकडे आहेत. बागेला पाणी घालायला येणारी बाई, नारळ उतरवायला येणारा माणूस आणि लालबागेजवळच्या रोपवाटिकेतला विक्रेता, हे तिघेच त्या परसाचे आता खरे जाणकार. सोनचाफ्याचं रोप मागितलं तर तो विक्रेता कलमी देतो, ठेंगणं राहणारं, पहिल्या-दुसऱ्या वर्षी फुलणारं. गच्चीसाठी तेच बरं, आणि ‘टेल्ड जे’ला त्याची उंची किती हे काही पाहायचं नसतं.